कोरम पुरा झाला तो दिवस

नावं मी इथं लिहिणार नाही. गावाचं नाही, डोंगराचं नाही, माणसांची तर मुळीच नाही. एकदा नावं लिहिली त्याचंच हे सगळं रामायण आहे. एवढंच सांगतो, की गाव साक्रीच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला आहे, वस्ती सगळी आदिवासींची, आणि मी तिथं ग्रामसेवक होतो. आता घरी बसलोय. निवृत्त म्हणा, हाकलला म्हणा, माझी हरकत नाही.

मी मूळचा असोद्याचा. नोकरीची बरीचशी वर्षं जळगावच्या आसपास, केळी-कपाशीच्या गावांत काढली. तिकडे ग्रामसभा म्हणजे तमाशा. गटारीच्या उतारावरून माणसं एकमेकांच्या सात पिढ्या काढतात आणि शेवटी माईकची वायर कोणीतरी उपटतं. माझंही डोकं लवकर तापतं, मी मागे हटणारा नव्हेच. पण माझं दप्तर कोणी बघावं. समास सोडून, रेघ आखून, निळ्या शाईत. इतिवृत्तात खाडाखोड मला खपत नाही. बायको म्हणायची, "एवढी माया माह्यावर केली असती तं सोनं झालं असतं." मी म्हणायचो, तुझी तपासणी होत नाही, दप्तराची होते.

एका पुढाऱ्याला चारचौघांत वाट्टेल ते बोललो आणि बदली झाली ती थेट डोंगरात. वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. पहिले दोन महिने मी सगळ्यांवर डाफरत होतो. लोक ऐकून घ्यायचे. माझ्याशी अहिराणीत बोलायचे, आपसात त्यांची वेगळीच बोली. कोणी उलटून बोलत नसे, त्यामुळे मला अजूनच राग यायचा.

त्या गावाच्या डोक्यावर एक सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्यावर पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी बेकायदा काही केलंही नाही. गाव पेसाचं, म्हणजे ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय डोंगराला हात लावता येत नाही. तो हो कागदावर आणून देणं माझं काम. आणि घोडं अडलं होतं कोरमवर. ऊसतोडीचा हंगाम, अर्धं गाव गुजरातेत. दोनदा सभा बोलावली, दोनदा माणसं पुरेशी जमली नाहीत म्हणून तहकूब केली. वरून फोनवर फोन. तिसऱ्या सभेला मी ठरवूनच गेलो, की आज काय तो निकाल लावायचा.

भर दुपारची वेळ होती. मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरलेली. माणसं येऊन बसली होती, पण बसायची तऱ्हा विचित्र. दोघं बसले की मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली, मग पुन्हा दोघं, मग पुन्हा जागा. मी म्हटलं जवळ जवळ बसा, ऐकू येणार नाही. कोणी हललं नाही. उन्हातून आलेलो, मी सावलीतल्या एका मोकळ्या जागेत टेकलो. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, जराखं सरका. आठे बठेल शेतस."

इथं कोणी बसलंय म्हणे. मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वाटलं, कोणी लघवीला उठून गेलं असेल. सरकलो.

ही म्हातारी म्हणजे गावची अक्का. सरपंच तिला विचारल्याशिवाय पाणी पीत नसे. सरपंच तरुण होता, बारावी शिकलेला, शांत. तो म्हणाला, "भाऊसाहेब, पहिले अक्का हाका मारी, मंग तुम्ही विषय मांडा." मी मनात म्हटलं, वा, हजेरी घेण्याची पद्धत आहे तर. आमच्या असोद्याकडे कोणी घेतली असती का? मी खूश झालो. रजिस्टर उघडलं.

अक्का उठली. माणसांकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं पहिलं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, घराणं. मग थांबली. ताडपत्रीवरून कोणीतरी म्हणालं, "शे." म्हणजे आहे. मी लिहिलं. दुसरं नाव. पुन्हा थोडं थांबणं. "शे." मी लिहिलं. असं चाललं. कधी पुरुषाचा आवाज, कधी बाईचा. माझी मान खाली, लेखणी चालू. एखाद्या नावाला उत्तर यायचं नाही, तेव्हा ती दोनदा हाक मारायची, मग सोडून द्यायची. मीही ते नाव सोडायचो. मधे एक नाव तिनं सरपंचाला घ्यायला लावलं, आणि त्याला "शे" ती स्वतः म्हणाली. ऐकायला चमत्कारिक वाटलं, पण पान भरत होतं आणि मला त्याचाच आनंद. यानंतर बसलेल्यांनी आपापली नावं सांगितली, तीही लिहिली. रजिस्टर अंगठ्यांसाठी फिरलं. शिपाई गावचाच. तो प्रत्येकाला कुठल्या ओळीवर अंगठा द्यायचा ते दाखवत होता. काही जण दोनदा, तीनदा अंगठा देताना दिसले. मी म्हटलं, घरातल्यांच्या वतीनं देत असतील, नियमात बसत नाही, पण कोण बघतंय. कोरम पुरा झाला.

मग मी विषय वाचला. सरकारी मराठीत, जसा वरून आला होता तसा. डोंगरमाथ्यावरचा अमुक एक गट, पवन ऊर्जा प्रकल्प, रस्ता, ना हरकत. वाचून झाल्यावर म्हटलं, कोणाला काही बोलायचंय? कोणी बोललं नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मी इतक्या सभा घेतल्या, इतकी शांतता कधी पाहिली नव्हती. भांडणाची सवय असलेल्या माणसाला शांतता कळत नाही. मोबाईलवर फोटो काढला, कारण आता फोटो लागतो. मग माणसं एकेक करून उठली आणि मागे न बघता घरी गेली.

कचेरीत येऊन मी इतिवृत्त लिहिलं. त्याला एक ठरलेलं वाक्य असतं, प्रत्येक ग्रामसेवकाच्या बोटात बसलेलं: "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." हात आपोआप चालतो. सरपंचानं दुसऱ्या दिवशी सही केली, न वाचता. ठराव वर गेला.

होळीच्या सुमारास ऊसतोडीची माणसं परतली, आणि त्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याशी जेसीबी येऊन उभा राहिला. वरपर्यंत रस्त्यासाठी चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी सरपंच आणि अक्का माझ्या कचेरीत. अक्का खुर्चीत बसली नाही, जमिनीवर बसली.

सरपंच म्हणाला, "भाऊसाहेब, ते मशीन कसं काय उनं? आम्हीन तं आजून सांगंच नई."

मी म्हटलं, "अरे, सभा झाली, ठराव झाला, तुझी सही आहे."

"सभामा इचारं फक्त. जवाब कोठे दिन्हा?"

माझं डोकं सटकलं. मी रजिस्टर काढून टेबलावर आपटलं. म्हटलं, ही एवढी माणसं हजर होती, एकानं तोंड उघडलं नाही, म्हणजे मंजूरच. मुके होते का सगळे? आणि मी मोठ्यानं पहिलं नाव वाचलं. विचारलं, बोलव याला, विचारू या, हरकत होती तर गप्प का बसला.

अक्का म्हणाली, "त्याले कसा बलावशी? तो तथा शे." तिनं खिडकीतून डोंगराकडे बोट केलं.

दुसरं नाव वाचलं. "तोबी तथाच." तिसरं. सरपंचाची मान खाली गेली होती. तो हळूहळू सांगू लागला, आणि मी उभा होतो तो खुर्चीत बसलो.

त्यांच्यात गावाचा मोठा निर्णय असला, की आधी गेलेल्यांना बोलावतात. हाक मारतात. ज्या घरचा माणूस आला, त्या घरच्याला पाठीवर हात ठेवल्यासारखं तो आल्याचं कळतं, मग तो "शे" म्हणतो. कळलं नाही तर म्हणत नाही. उगाच म्हणायचं नसतं. मग त्यांच्यापुढे विषय मांडायचा आणि न बोलता उठून जायचं. त्या दिवशी उत्तर नसतंच. गेलेल्या माणसांना विचार करायला वेळ लागतो. महिना लागतो, दोन लागतात. पुन्हा बसायचं, पुन्हा हाका मारायच्या, आणि तेव्हा हो की नाही ते ठरतं. डोंगर तर त्यांचाच, त्यांचे दगड तिथं उभे. त्यांना न विचारता जिवंत माणसं हो कसं म्हणणार? सरपंचाला वाटलं होतं, मी "विचारलं" एवढंच लिहिलं असेल. शिपायाला गेलेल्यांचे अंगठे घेण्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. घरचं माणूस देतं त्यांच्या वतीनं, पद्धतच आहे.

मी विचारलं, "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

अक्का म्हणाली, "तुम्ही लिखी राहिंथात. आमले वाटनं, तुमले दिसी राहिनात."

रजिस्टरमधली निम्म्याहून जास्त नावं मेलेल्या माणसांची होती. त्यांच्या जिवावर कोरम पुरा झाला होता, त्यांनी सर्वानुमते डोंगर देऊन टाकला होता, आणि त्या ओळी माझ्या अक्षरात होत्या, एकही खाडाखोड नसलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन डोंगर चढलो. का गेलो सांगता येणार नाही. बहुतेक मला ते खोटं ठरायला हवं होतं. अक्का पुढे, मी मागे, हळूहळू पण न थांबता चालत ती माझ्या आधी वर पोचली. माथ्यावर वारा मोजायचा उंच खांब रोवलेला होता, त्याच्या टोकाला फिरणाऱ्या वाट्या. त्या दुपारी त्या हलत नव्हत्या. बारा महिने वारा म्हणून ज्या डोंगराची निवड झाली, तिथं पान हलत नव्हतं.

खांबापासून थोड्या अंतरावर दगड होते. गुडघ्याएवढे, कमरेएवढे, उभे पुरलेले. जुन्यांवर घोडेस्वार कोरलेला, शेंदूर वाळून काळा पडलेला. अलीकडच्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नावं. मी रजिस्टर उघडलं आणि पहिल्या दगडापाशी गेलो. नाव होतं. बापाचं नाव होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, पुढच्या दगडापाशी गेलो. तेही होतं. मोठ्यानं वाचायची माझी हिंमत झाली नाही. न जाणो, कोणी "शे" म्हटलं तर. चुन्याची रेघ दगडांच्या मधून सरळ गेली होती. चार-पाच दगड तिच्या आत येत होते.

एका दगडापाशी मी अक्काला विचारलं, या घरचं कोण असतं गावात. ती म्हणाली, कोणी नाही, ते घर कधीचं बंद आहे, पोरगा सुरतेकडे गेला तो परतलाच नाही. रजिस्टरात त्या नावापुढे अंगठा होता. मी तो तिला दाखवला. म्हटलं, मग "शे" कोण म्हणालं? अंगठा कोणी दिला?

"आते कोना व्हई? त्यानाच व्हई," ती म्हणाली, जसं काही मी शेळी कोणाची म्हणून विचारलं होतं.

शेजाऱ्यानं दिला असेल. मी तेव्हापासून तेच धरून चाललोय.

आता प्रश्न सरळ होता. ठराव रद्द झाला नाही, तर रस्ता होणार आणि दगड जाणार. मी तालुक्याला जाऊन सगळं सांगितलं. साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, भला माणूस. त्यानं फाईल काढून माझाच फोटो पुढे ठेवला. ताडपत्रीवर मोजकी माणसं, आणि त्यांच्यामध्ये त्या मोकळ्या जागा. "मलाही तेव्हाच वाटलं होतं, माणसं कमी आणि अंगठे जास्त कसे," साहेब म्हणाला. मग म्हणाला, "सोपं आहे. गावकऱ्यांचा जबाब आणा. ही ही माणसं मयत आहेत, सभेला हजर नव्हती. एवढं लिहून द्या, कोरम मोडला, ठराव गेला."

मी आनंदानं गावात गेलो. जबाब मीच टाईप करून नेला होता, फक्त अंगठे हवे होते. सरपंचानं वाचून दाखवला. कोणी पुढे येईना. मी म्हटलं, अरे, डोंगर वाचतोय तुमचा, अंगठे द्या.

अक्का म्हणाली, "ते व्हतात."

"अक्का, कागदापुरतं."

"ऊनात, बठनात, आयकीसन गयात. नई व्हतात असं आम्ही कसं लिखी देऊत?"

मी समजावलं. ओरडलो. हात जोडले. म्हटलं, हे नाही लिहून दिलं तर परवा ते मशीन वर चढेल, मग बसा हाका मारत. एक म्हातारा रडायला लागला, पण अंगठा दिला नाही. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊसाहेब, बापाला जिवंतपणी घराबाहेर काढायला सांगताय तुम्ही. खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर संताप आला. आपणच उभी केलेली अडचण, आणि मी बाहेर काढायला दोर टाकतोय तर दोर धरायला तयार नाहीत. संतापाखाली आणखी काहीतरी होतं. त्या सभेत माझ्याशिवाय सगळ्यांना काहीतरी दिसत होतं, ही गोष्ट मला सहन होत नव्हती.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "मेलेल्या मानसांचे अंगठे तुमी घेतले, आन आता मले इचारता काय करू? ज्यानं लिव्हलं त्यानं मोडावं." एवढं बोलून ती आत गेली.

मग मी तेच केलं. माझा स्वतःचा जबाब लिहिला. सदर इसम मयत असून सभेस हजर नव्हते, त्यांची उपस्थिती मी खोटी नोंदवली, गावकऱ्यांचा यात दोष नाही. खोटी. हा शब्द लिहिताना माझा हात अडला, कारण मी ऐकलं तेच लिहिलं होतं. आयुष्यात एवढं खरं इतिवृत्त मी दुसरं लिहिलं नसेल. पण लिहिलं. निलंबन होणार हे माहीत होतं. आणि लपवत कशाला, आतून छाती फुगली होती. वाटत होतं, बघा, असोद्याचा माणूस तुमच्यासाठी नोकरीवर पाणी सोडतोय.

साहेब म्हणाला, नियमाप्रमाणे हा जबाब ग्रामसभेपुढे वाचावा लागेल, नावानिशी. म्हणून पुन्हा तीच ताडपत्री, तेच झाड, तीच दुपार. या वेळी साहेब, दोन पोलीस, कंपनीचा एक माणूस. गाव पूर्ण जमलं होतं, ऊसतोडीची माणसंही होती. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. पहिलं नाव, बापाचं नाव, घराणं. "मयत. हजर नव्हते." दुसरं नाव. "मयत. हजर नव्हते." तिसऱ्या-चौथ्या नावाला मला जाणवलं, की मी नाव घेतल्यावर थांबतोय. कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबतोय. कोणी म्हणत नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. ज्याच्या त्याच्या घरचं नाव आलं, की तो माणूस अंग चोरून घ्यायचा, पाठीत दणका बसल्यासारखा. माझा आवाज चांगला मोठा आहे. डोंगरावरून तो परत ऐकू येत होता, "नव्हते, नव्हते". शेवटचं नाव झालं तेव्हा मी कागदाची घडी घातली. साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, झालं. तो हात त्याचाच होता, मी वळून खात्री केली.

ठराव रद्द झाला. त्याच सभेत जिवंत माणसांनी रीतसर हात वर करून प्रकल्पाला नकार दिला, कोरमसकट. महिनाभरात जेसीबी गेला, वारा मोजायचा खांबही उतरवला. माझं निलंबन झालं, चौकशी झाली, आणि काही महिन्यांनी मी घरी आलो तो कायमचा.

पुढच्या हिवाळ्यात राहवेना. घरच्या केळीची एक फणी पिशवीत घातली आणि धुळ्यावरून साक्री, साक्रीवरून जीप, असा गेलो. खोटं कशाला बोलू, कौतुकाच्या आशेनं गेलो. निदान कोणी म्हणेल, भाऊसाहेब, तुमच्यामुळे डोंगर राहिला. सरपंचानं चहा पाजला. घरच्यांची चौकशी केली. डोंगराचा विषय त्यानं काढला नाही, मी काढला तर "हाव" म्हणून त्यानं कपबश्या उचलल्या. मी विचारलं, अक्का कुठं आहे? म्हणाला, वर. रोज जाते.

मी चढलो. वर वारा होता, चांगला सणसणीत. अक्का एका दगडाशी बसली होती. मी केळी पुढे ठेवली, तिनं बघितलीही नाहीत. मी म्हटलं, "अक्का, डोंगर वाचला ना?"

"डोंगर ऱ्हायना," ती म्हणाली. म्हणजे राहिला. "आते आम्ही हाका मारतस, पन कोनी येत नई."

मला पटकन समजलं नाही. ती सांगत गेली. त्या सभेनंतर पावसाच्या आधी गावाला एका विहिरीचा निर्णय घ्यायचा होता. बसले, हाका मारल्या. एकाही घरातून "शे" आलं नाही. कोणाला कोणी आल्याचं कळलंच नाही. पुन्हा महिन्यानं बसले. पुन्हा तेच. आता हाका मारणं बंद केलंय. पोरं म्हणतात, ठराव मोबाईलवर करू.

"तू नाव लिसन सांगं, नई व्हतात. बठ्ठास्नं सांगं. आम्ही आयकी लिधं, कोनी तुले थांबाडं नई. त्या गयात मंग."

मला तू म्हणायची ती पहिलीच वेळ. मी म्हटलं, "अक्का, तो नुसता कागद होता. कागदाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मशीन बी कागदवरच उनं व्हतं ना?"

मी आयुष्यभर कागदाचा माणूस, आणि कागद काय करू शकतो ते मला एका निरक्षर बाईनं सांगावं. मी म्हटलं, मग मी काय करू? परत लिहून देऊ, की ते होते? आणि म्हणता म्हणता थांबलो. ते होते असं मी लिहून दिलं, तर कोरम पुरा होतो. कोरम पुरा झाला, की माझा जुना ठराव खरा होतो. ते नव्हते तर डोंगर आहे, ते होते तर डोंगर जातो. तिला हे कळलं होतं की नाही माहीत नाही. दोन्हींतलं एकच राहणार हे बहुतेक आधीच कळलं होतं, म्हणून तर अंगठा दिला नव्हता.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. ज्या दगडाशी बसली होती त्यावर पांढऱ्या रंगात नाव होतं. तिच्या नवऱ्याचं.

"मी त्यास्नं नाव लेत नई," ती म्हणाली. "तू हाक मार. तुना तोंडथून धाडं, तुना तोंडथूनच बलाव."

मला ते नको होतं. पण ती उभी होती, डोंगराच्या उताराकडे तोंड करून, लग्नात उभी राहते तशी पदर नीट करून. मी नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, घराण्याचं. जेवढा आवाज होता तेवढ्यानं.

मग मी थांबलो. तिनं डोळे मिटले होते आणि खांदे थोडे मागे टाकले होते, मागून कोणी हात ठेवील तर लगेच कळावं म्हणून. मी पुन्हा हाक मारली. तिचे ओठ हलले. मी कान देऊन होतो, त्या एका अक्षरासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

ती काहीच बोलली नाही.